ऑक्सिजन सेन्सरच्या बॉसचे आटे गेले तर

प्रश्न: माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, नंतर सीएनजी किट बसवलंय. राहायला कासारवडवलीला, ऑफिस महापेला. चेक इंजिन लाईट लागली म्हणून पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलायला दिला. जुना काढताना पाइपातले आटेही सेन्सरबरोबर बाहेर आले. नवा सेन्सर दोन-तीन वेढे आत जातो आणि मग नुसताच फिरतो, म्हणून मेकॅनिकने भोवती एम-सील थापून वरून तारेने आवळून दिला. आता सकाळी गाडी चालू केली की फुस-फुस आवाज येतो, लाईट परत लागली आहे आणि ॲव्हरेज पडलंय. दुसरा मेकॅनिक म्हणतो, भोक वेल्डिंगने बंद करा आणि सेन्सरच्या वायरींना रेझिस्टर लावा. तिसरा म्हणतो, अख्खा मॅनिफोल्ड बदला. नक्की काय करू?

उत्तर:

तूर्त तिघांचंही ऐकू नका. तुमचा नवा सेन्सर बहुतेक ठीक आहे आणि मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला लागून असलेला धुराचा पाइप, तोही ठीक आहे. गेलाय तो फक्त सेन्सर ज्यात आवळतात तो वेल्ड केलेला बॉस. ज्या वर्कशॉपात लेथ आणि आर्गन वेल्डिंग दोन्ही आहेत तिथे हे काम दिवसाभरात होतं. वागळे इस्टेटमध्ये अशी वर्कशॉप आहेत, रबाळे-महापेच्या एमआयडीसीतही आहेत, आणि तिथून तर तुम्ही रोजच जाता.

काम होईपर्यंतचं आधी सांगतो. पुढचा सेन्सर म्हणजे कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा, बॉनेटखालचा. तिथून गळणारा धूर कॅटमधून गेलेला नसतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते, म्हणजे गळतीपासून हातभर अंतरावर. माजिवड्याला किंवा कळव्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की तो धूर आत यायला वेळ लागत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, आणि डोकं जड व्हायला लागलं तर गाडी बाजूला घेऊन उतरा. दुसरं म्हणजे तारेने बांधलेला सेन्सर एखाद्या खड्ड्यात निसटला तर गरम धुराचा झोत थेट शेजारच्या वायरिंगवर किंवा रबरी होजवर येईल. शक्य असेल तर दोन दिवस रिक्षा-ट्रेन करा. गाडी काढावीच लागली तर जवळच्या जवळ.

एम-सील उष्णतेने सुटते हे तर आहेच, ती नळाच्या पाइपांसाठीची वस्तू आहे. पण समजा ती टिकली, आणि तरी केसाएवढी फट राहिली, तर काय होतं ते बघा. एक्झॉस्टमधला दाब सतत बाहेरच्या दिशेने नसतो. प्रत्येक सिलिंडरचा धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, आणि नीट चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कॅटच्या आधी जेमतेम टक्काभर. सेन्सरचं टोक नेमकं त्या फटीला लागून. त्याला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू इमानदारीने पेट्रोल वाढवतो. पेट्रोल खरं तर पुरेसं होतं. ॲव्हरेज इथे पडतं. जास्तीचं पेट्रोल आणि फटीतून आलेली हवा पुढे कॅटमध्ये जाऊन जळतात, तिथलं तापमान चढतं, आणि असं महिनोन्महिने चाललं तर आतली जाळी वितळते. मग बॉसच्या कामाऐवजी कॅटचं बिल भरावं लागतं.

म्हणून लाईट आत्ता कोणत्या कोडसाठी लागली आहे ते आधी बघून घ्या. पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, असा असेल तर ही गळतीच आहे असं जवळपास धरून चाला. पी ०१३० ते ०१३५ यांपैकी असेल तर सेन्सर, त्याचा हीटर किंवा वायरिंग. आणि पहिल्यांदा लाईट लागली तेव्हा कोणता कोड होता हेही त्या गॅरेजला विचारा. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण पी ०१७१ दिसला की डोळे मिटून सेन्सर बदलायचा ही आपल्याकडे रीतच पडली आहे. मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकलेलं असतं, इनटेकचा होज चिरलेला असतो, आणि बदलला जातो सेन्सर.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं तो आकडा, दिसत असेल तर एक सोपी खूण आहे. आयडलला ट्रिम मोठा अधिक, समजा अधिक १८, आणि रेस वाढवून २५०० आरपीएमला तो अधिक ४-५ वर उतरत असेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे. धुराचा प्रवाह वाढला की फटीतून शिरणाऱ्या हवेचं प्रमाण कमी होतं. इनटेकच्या गळतीतही असंच दिसतं, त्यामुळे जागा डोळ्यांनीच शोधावी लागते. इंजिन पूर्ण थंड असताना ब्लोअर किंवा व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या शेपटीला कापडाने गुंडाळून लावा आणि बॉसभोवती साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले की जागा सापडली. तुमच्या केसमध्ये बॉसभोवती काळी काजळीच दिसेल, पण त्याच बैठकीत मॅनिफोल्डचं पॅकिंगही तपासून घ्या.

आता आटे. गाड्यांच्या ऑक्सिजन सेन्सरचा आटा बहुतेक सगळीकडे एम १८, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दीड मिलिमीटर, पाना २२ चा. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तुम्ही १८ चा नट मागितला तर तो अडीचच्या पिचचा मिळतो, कारण तोच चालू माल. मग कुणीतरी तोच नट पाइपावर वेल्ड करतं, सेन्सर दोन वेढे जातो, अडतो, वरून पान्याला पाइप लावून जोर दिला जातो, आणि नव्या सेन्सरचे आटे पहिल्याच दिवशी चिंबतात. तुमच्या नव्या सेन्सरचे आटे म्हणूनच आधी नीट बघा. पिच गेज लावा, नसेल तर १.५ चा चांगला नट हाताने फिरवून बघा. बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानातला चकचकीत जस्त चढवलेला नटही या कामाला नको. जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि वेल्डमध्ये भोकं राहतात.

वाचकांपैकी ज्यांचे आटे पूर्ण गेलेले नाहीत, नुसते चिंबलेत, त्यांचं काम सोपं आहे. जुन्या गाड्यांच्या १८ मिलिमीटर स्पार्क प्लगलाही हाच आटा होता, त्यामुळे जुन्या मेकॅनिकच्या डब्यात १४-१८ चा दुतोंडी प्लग चेसर, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, सापडतो. तो चालतो. त्याच्या खाचांत घट्ट ग्रीस भरायचं, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, मध्येमध्ये बाहेर काढून पुसायचा. कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. आत पडलेला कीस धुराबरोबर कॅटच्या तोंडावर जाऊन आदळतो. टर्बो गाडीत सेन्सर टर्बोच्या आधी असेल तर हे काम मॅनिफोल्ड खाली उतरवल्याशिवाय करूच नका.

तुमच्या बाबतीत आटे पूर्ण गेलेत, म्हणजे दोन वाटा. बॉस जाड असेल किंवा मॅनिफोल्ड बिडाचा असेल, तर भोक मोठं करून त्यात बाहेरून २२ आणि आतून १८ बाय १.५ असा कॉलरवाला बुश बसवायचा. लेथवाला तो स्टेनलेसमध्ये काढून देतो. बुश जागेवर धरून ठेवायला थ्रेडलॉक लावू नका, या तापमानाला तो जळून जातो. कॉलरला दोन ठिकाणी पंच मारायचा, किंवा पाइप स्टीलचा असेल तर दोन टाके. बिडावर वेल्डिंग टाळायचं. निकेलची कांडी आणि आधी नीट तापवणं हे सगळं जमणारा माणूस असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर थंड होताना टाक्याच्या कडेने तडा जातोच.

तुमच्या गाडीत मॅनिफोल्ड किंवा पुढचा पाइप पत्र्याच्या स्टेनलेसचा असेल, तर दुसरी वाट बरी: जुना बॉस कापून नवा लावणं. कापण्याआधी व्हर्नियरने त्याची उंची मोजा आणि कोनाचा फोटो काढा. सेन्सरच्या टोकाला जी भोकं असतात ती धुराच्या प्रवाहात आली पाहिजेत. बॉस उंच झाला तर टोक खोबणीत लपतं, धूर तिथे उशिरा पोचतो, आणि काही दिवसांनी पी ०१३३, म्हणजे सेन्सर मंद, असा कोड येतो. मग पुन्हा सेन्सरलाच दोष. कोन म्हणजे सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर, वायर वरच्या बाजूला. थंड पाइपात धुरातली वाफ पाणी होऊन साचते, आणि तापलेल्या सिरॅमिकवर ते पाणी पडलं की सिरॅमिक तडकतं. बॉस लेथवर ३०४ च्या सळईतून काढून घ्या. खालचा चेहरा पाइपाच्या गोलाईला कानशीने जुळवा, नाहीतर वेल्डर फट वायरने भरून काढतो आणि तिथेच पुढे तडा जातो. वायर ३०९ एल वापरायला सांगा, दोन वेगळ्या जातींच्या स्टीलना ती सोसते.

वेल्डिंग करताना सेन्सर त्यात नको. हे सांगावं लागतं, कारण "जागेवर धरायला बरं पडतं" म्हणून नवा सेन्सर लावूनच वेल्ड केलेलं मी बघितलं आहे. पण भोक रिकामंही ठेवायचं नाही, गरमीने बॉस अंडाकृती होतो. तुमचा जुना मेलेला सेन्सर इथे कामाला येतो. वायर कापून टाका, त्याचे आटे डायने (बाहेरचे आटे कापायच्या हत्याराने) साफ करून घ्या आणि तो हाताने आत फिरवून ठेवा. चार बाजूंनी समोरासमोर चार टाके, मग थोडं थोडं भरत जायचं. पूर्ण थंड झाल्यावर जुना सेन्सर काढून आत १.५ चा टॅप (आतले आटे कापायचं हत्यार) एकदा फिरवायचा. पाइप गाडीवरून उतरवूनच हे करा. जागा नाही म्हणून गाडीवरच करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचे कपलर सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ त्याच पाइपाला, टाक्याच्या जवळ लावा. सीएनजी गाडी आहे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनीतला गॅस संपवून घ्या. वेल्डरला आठवण करून द्या, तो नेहमी गाड्यांचं काम करणारा असेलच असं नाही.

बाजारात क्लॅम्पवाला बॉसही मिळतो. पाइपाला भोक पाडायचं, पॅकिंग ठेवायचं आणि दोन पट्ट्यांनी आवळायचं. सरळ गोल पाइपावर, मागच्या सेन्सरसाठी, काही महिने काढायला ठीक. पुढच्या सेन्सरला मी लावत नाही. तिथली उष्णता पट्ट्या सैल करते आणि आपण परत एम-सीलच्या जागी येतो.

रेझिस्टरबद्दल स्पष्टच लिहितो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी हीटरच्या असतात, बॉशच्या बऱ्याच सेन्सरमध्ये त्या पांढऱ्या. तिथे योग्य रेझिस्टर लावला तर हीटरचा कोड जाऊ शकतो, एवढं त्या मेकॅनिकचं खरं. पण १२ व्होल्टवर १० ओहमचा रेझिस्टर १४ वॉटहून जास्त उष्णता काढतो. नखाएवढा कार्बन रेझिस्टर टेप गुंडाळून बॉनेटखाली ठेवला तर तो जळतो. आणि सिग्नलची नक्कल रेझिस्टरने होत नाही. झिर्कोनिया सेन्सर स्वतः व्होल्टेज तयार करतो, साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली, आणि ईसीयू त्या वरखाली होण्यावरच पेट्रोल ठरवतो. स्थिर आकडा दिलात तर तो काही वेळात पकडतो. सेन्सर मुळात नसेल तर गाडी ठरीव नकाशावर चालते. चालते, पण पेट्रोल खाते. तुमचं सीएनजी किट सिक्वेन्शियल असेल तर ते पेट्रोलच्या इंजेक्टरची वेळ वाचून गॅस देतं, म्हणजे पेट्रोलवरची चूक तशीच्या तशी गॅसवरही जाते. पीयूसीचाही प्रश्न आहे. बीएस ४ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो आणि वाढवलेल्या रेसवर लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये. पुढचा सेन्सर नसताना लॅम्डा तिथे बसला तर नशीब.

१ एप्रिल २०१३ पासून बीएस ४ गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड तपासण्याच्या यंत्रणेचा, दुसरा टप्पा लागू झाला, त्यामुळे तुमच्या गाडीत कॅटच्या मागेही एक सेन्सर आहे. त्याच्याखाली पोकळ स्पेसर लावून पी ०४२०, म्हणजे कॅट कमजोर, हा कोड लपवायची युक्ती गॅरेजात चालते. लाईट जाते, मेलेला कॅट तसाच राहतो. कुणी तुम्हाला हा माल विकायला लागला तर समजा की त्याला कॅट तपासायचा नाही.

सेन्सर बसवताना: नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुतेक वेळा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलेलंच येतं. तुमचा एकदा लावून काढलेला आहे, तेव्हा आटे पुसून निकेलचं किंवा तांब्याचं अँटीसीझ पातळ लावा, टोकाला त्याचा थेंबही नको. एम-सीलचे कण टोकाच्या भोकांत गेलेत का ते भिंगाने बघा. साधं आरटीव्ही सिलिकॉन कुठेही लावू नका, त्याची वाफ सेन्सरला मारते. खालचा वॉशर दबून चपटा झाला असेल तर नवा. ४० ते ४५ न्यूटन मीटर पुरेसे, वॉशर दबल्यावर पान्याला लोंबकळायचं नाही. आणि वायर लहान पडली तर सोल्डर मारू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. सोल्डरने ती वाट बंद होते. क्रिंप करा, आणि कपलर वर बांधा. पावसाळ्यात घोडबंदर रोडला पाणी कुठपर्यंत येतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

हा सगळा घोळ मुळात जाम सेन्सर थंड असताना झटक्याने काढल्यामुळे होतो, तेव्हा पुढच्या वेळेसाठी. आदल्या रात्री थंड बॉसवर गंज सोडवणारं तेल. सकाळी ते पुसून गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची आणि बंद करून, पाइप गरम असताना, हातमोजे घालून लागायचं. जुना फेकायचाच असेल तर वायर कापा आणि खाचेच्या सॉकेटऐवजी बंद सहाकोनी २२ चा सॉकेट लावा. खाचेचा जोरात फाकतो. आधी किंचित आवळायचा. "कट" असा बारीक आवाज आला की गंज सुटला. मग पाव वेढा सैल, परत आवळ, परत सैल, मध्ये तेलाचा थेंब. पाना जड होत गेला आणि बॉसच्या तोंडाशी चकचकीत कीस दिसायला लागला की तिथेच थांबायचं, ते आटे सोलले जात असतात. आणखी तेल, आणखी गरम, घाई नाही. गॅसची ज्योत मारायची तर आधी तेल पूर्ण पुसलेलं असावं. ऐरोली-वाशीकडे खाडीच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे सगळं दुपटीने लागू.

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी आधी पेट्रोलवर चालवा. थंड स्टार्ट, मग ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत शक्य तितका एकसारखा वेग. ट्रिम आयडल आणि २५०० आरपीएम दोन्हीकडे अधिक-उणे ५ च्या आसपास आला, आणि २५०० आरपीएमला पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज झपझप वरखाली होत असेल, तर झालं. पाच-सहा वायरींचा रुंद पल्ल्याचा सेन्सर असेल तर हे व्होल्टेज लागू नाही, तिथे स्कॅनरवरचा लॅम्डा बघायचा. पेट्रोल नीट झाल्यावरच सीएनजीकडे जा. ट्रिम गॅसवरच बिघडत असेल तर ते किटचं ट्यूनिंग, त्यात बॉसचा संबंध नाही.

मॅनिफोल्ड बदलण्याची वेळ एकाच परिस्थितीत येते: बॉसच्या बुडापासून तडा पाइपात लांबवर गेलेला असेल तर. तेव्हा नव्याची किंमत परवडत नसेल आणि कुर्ल्याच्या बाजारातून जुना आणायचा असेल, तर खिशात आपला सेन्सर घेऊन जा. दुकानातच तो हाताने आत फिरवून बघा, शेवटपर्यंत जात नसेल तर तो मॅनिफोल्ड घेऊ नका. आणि गंजाखाली तडा आहे का ते तारेच्या ब्रशने घासून, उजेडात धरून, मगच पैसे द्या.